स्वयंपाकघराचे अंदाजपत्रक

बँकेच्या कर्ज विभागात काम करीत असताना गेल्या बारा वर्षांत घरदुरुस्तीचे अनेक अर्ज माझ्या टेबलावरून गेले. अर्जासोबत अंदाजपत्रक जोडावे लागते. छपराच्या दुरुस्तीचे, रंगकामाचे, फरशीचे अंदाजपत्रक असेल तर त्यात चौरस फूट असतात, दर असतात, मजुरी वेगळी दाखविलेली असते. स्वयंपाकघराच्या बाबतीत मात्र बहुधा एकच ओळ असते: 'मॉड्युलर किचन, सर्व मिळून अमुक लाख.' ज्या खोलीत घरातील निम्मे पाणी, बहुतेक सर्व अग्नी आणि दिवसातील कित्येक तासांचे श्रम एकवटलेले असतात, तिचा हिशेब एका ओळीत आटोपावा याचे मला पूर्वी काही वाटत नसे. मीही ती ओळ तपासून, एकूण रकमेखाली खूण करून अर्ज पुढे पाठवीत असे. आमच्या स्वतःच्या घरावर ही वेळ आली, तेव्हा त्या एका ओळीत काय काय दडलेले असते ते कळले.

आमचे घर बडोद्याच्या दांडिया बाजारातले. गायकवाडी काळात महाराष्ट्रातून येथे आलेल्या अनेक कुटुंबांपैकी आमचे सासरचे एक. माझ्या आजेसासऱ्यांनी 1938 साली बांधलेले हे घर विटांच्या चुन्यातल्या अठरा इंची भिंतींचे, सागवानी तुळयांचे, मध्ये लहानसा चौक असलेले. स्वयंपाकघर मागच्या अंगाला, अकरा फूट रुंद व चौदा फूट लांब. एका कोपऱ्यात पाणियारे. दुसऱ्या कोपऱ्यात मोरी, जिला येथे आम्ही गुजरातीच्या सहवासाने चोकडी म्हणतो. भिंतीत तीन फडताळे. चुलीच्या जागी कधीतरी विटांचा ओटा आला, त्यावर गॅसची शेगडी आली, ओट्याखाली डबे आले. प्रत्येक पिढीने आपल्यापुरती भर घातली. मुळातून विचार कोणीच केला नाही.

2023च्या पावसाळ्यात सासूबाई मोरीच्या कठड्याला अडखळून पडल्या. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. त्या काळात घरातील प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होते, की आता स्वयंपाकघर नवे करायलाच हवे. मी एम.कॉम. झालेली, त्यातून कर्ज विभागातील अधिकारी. दोन रविवार बसून मी संगणकावर सुबक तक्ता केला. एका दालनाकडून 4,85,000 रुपयांचे अंदाजपत्रक आणले, रंगीत चित्रांसह. चित्रात पांढरी चकाकती कपाटे होती, धुराडे होते, माजघराची भिंत पाडून तेथे उंच खुर्च्या मांडलेल्या होत्या. मी ते सासूबाईंपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून सारे पाहिले आणि शांतपणे विचारले, "छान आहे गं. पण यात मी कुठे बसायचं?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्या तक्त्यात नव्हते. वयाची अडुसष्ट वर्षे पूर्ण केलेल्या, दिवसातून दोन वेळा पाच माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला किती वेळ उभे राहता येते, हे मी विचारलेच नव्हते. भाजी निवडणे, चिरणे, पोळ्यांची कणीक मळणे ही कामे त्या माजघरात पाटावर बसून करीत आणि नंतर सारे उचलून ओट्यावर नेत. ती ने-आण करतानाच त्या पडल्या होत्या. माझ्या अंदाजपत्रकात कपाटांच्या बिजागऱ्यांची नोंद होती. अपघाताचे कारण मात्र कोठेच नव्हते.

आधुनिक ओट्याच्या इतिहासात एक बोलका दाखला आहे. मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद महिलेने 1926 साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी एक छोटेखानी स्वयंपाकघर आखले. हालचाली मोजून, पावले वाचवून केलेली ती रचना आजच्या बहुतेक तयार स्वयंपाकघरांची पूर्वज मानली जाते. त्या रचनेत खिडकीखाली बसून काम करण्याची जागा होती आणि फिरते आसनही होते. जगभर तिचे अनुकरण झाले. पण आपल्याकडे येईपर्यंत ते आसन वाटेत कोठेतरी गळून पडले. त्या स्वयंपाकघराचा दोष असा, की त्यात एका वेळी एकच व्यक्ती वावरू शकत असे. आमच्या घरात सणासुदीला चौघीजणी एकदम कामाला लागतात. तेव्हा परदेशी नमुन्यातून काय घ्यावे आणि काय टाळावे, हे चित्र पाहून ठरत नाही. आपल्या घरातील माणसे मोजून ठरते. आणि हे शिकायला फार लांब जाण्याचेही कारण नव्हते. आमच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर महाराजा सयाजीराव विद्यापीठ आहे. 1949 साली ते स्थापन झाले, तेव्हा हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू होत्या आणि गृहविज्ञानाला तेथे स्वतंत्र शाखेचा मान मिळाला. घरकाम हा शास्त्रीय अभ्यासाचा विषय आहे असे मानणाऱ्या गावात राहून मी सासूबाईंच्या कोपराची उंची मोजली नव्हती!

मग ती मोजली. ओट्याची उंची उभ्या माणसाच्या कोपरापेक्षा साधारण चार इंच कमी असावी असा ढोबळ नियम आहे. सासूबाईंची उंची चार फूट दहा इंच, माझी पाच फूट पाच इंच. त्यांच्यासाठी ओटा साडेबत्तीस इंचांचा हवा, माझ्यासाठी सदतीस. दालनाच्या चित्रातील ओटा दोघींच्याही कोपराशी फटकून होता. जी अधिक वेळ काम करते तिचे माप धरावे, असे ठरले आणि ओटा तेहतीस इंचांचा झाला. मला भांडी घासताना किंचित वाकावे लागते. ते मी मान्य केले आहे. खिडकीखाली अठ्ठावीस इंच उंचीचा, खाली पाय ठेवायला मोकळा असा दुसरा लहान ओटा केला. त्यापुढे पाठीचे स्टूल. कणीक, भाजी, ताक, सारे तेथे बसून होते. संपूर्ण कामातील ही सर्वांत स्वस्त बाब होती.

आता पैशाविषयी. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला भेद शिकवितात. जुन्या घराच्या स्वयंपाकघरात हा भेद भिंतीच्या आत आणि भिंतीच्या बाहेर असा असतो. आत असते ते वर्षानुवर्षे टिकते व कोणाला दिसत नाही. बाहेर असते ते पाहुण्यांना दिसते आणि दहा-बारा वर्षांत जुने होते. आमच्या दालनाच्या अंदाजपत्रकात नळ, सांडपाणी आणि वीज यांपुढे 'प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे, वेगळे' एवढेच लिहिले होते. म्हणजे 4,85,000 रुपये केवळ भिंतीबाहेरच्या वस्तूंचे. 

भिंतीच्या आत काय निघाले ते सांगते. लोखंडी नळ कापला तेव्हा अर्ध्या इंचाच्या नळात गंजाचे थर साचून पेन्सिल जेमतेम जाईल इतकेच भोक उरले होते. वर्षानुवर्षे आम्ही पाण्याच्या दाबाला दोष देत होतो. मोरीच्या बाजूची भिंत फूटभर उंचीपर्यंत ओली. खार फुटून पोपडे निघालेले. चाळीसएक वर्षांपूर्वी कोणीतरी चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला होता. चुन्याची भिंत ओल शोषते तशी बाहेरही टाकते. सिमेंटच्या गिलाव्याने तिचा श्वास कोंडला आणि ओल आतच मुरत राहिली. तो सारा गिलावा खरवडून पुन्हा चुन्याचा करावा लागला. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधण्यात तीन आठवडे गेले. मोरीवरच्या एका तुळईचे टोक वाळवीने पोखरले होते.

विजेची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी. लाकडी पट्टीवरून गेलेल्या जुन्या तारा, दोन पिनांचे प्लग, अर्थिंग नाही. अशा पाच अँपियरच्या जोडणीवर आम्ही मिक्सर, फ्रिज आणि पुढे इंडक्शनची शेगडी लावीत होतो. 2,000 वॅटची शेगडी 230 व्होल्टच्या दाबावर जवळजवळ पावणेनऊ अँपियर ओढते, हा शाळकरी भागाकार घरातील कोणीही केला नव्हता, मीसुद्धा नाही. आता जड उपकरणांसाठी सोळा अँपियरच्या स्वतंत्र जोडण्या, जाड तारा, अर्थिंग आणि 30 मिलीअँपियरची गळती होताच प्रवाह तोडणारे आर.सी.सी.बी. बसविले आहे. ओल्या हातांनी काम करण्याच्या खोलीत हे यंत्र नसेल, तर संगमरवरी ओट्याचे कौतुक कोणी मला सांगू नये.

गॅसबाबत एक सूचना वाचकांना आवर्जून करावीशी वाटते. बडोद्यात सत्तरच्या दशकापासून नळाने गॅस येतो आणि आमच्याकडेही तोच आहे. दालनाच्या आराखड्यात धुराड्यासाठी वरचा झरोका बुजविलेला होता. नळाचा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका. गळती झाल्यास तो छताकडे जातो. म्हणून वरचा झरोका उघडा हवा. ज्यांच्याकडे सिलिंडर आहे त्यांची गोष्ट नेमकी उलट. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. तेथे खालच्या बाजूस हवा जायला वाट हवी, सिलिंडर बंद कपाटात कोंडलेला नसावा आणि शेगडी सिलिंडरपेक्षा वरच्या पातळीवर असावी. एकच चित्र दोन्ही घरांना लागू पडत नाही. आमचा झरोका आज जाळी बसवून उघडा आहे. त्यातून कधीकधी चिमणी डोकावते.

माजघराची भिंत पाडण्याचा बेत पहिल्याच भेटीत रद्द झाला. 8,000 रुपये शुल्क देऊन आम्ही एका स्थापत्य अभियंत्याला बोलाविले होते. त्यांनी वरच्या मजल्याच्या तुळया कोठे टेकल्या आहेत ते दाखविले: सर्व त्याच भिंतीवर. चित्र काढणाऱ्याला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तो वरच्या मजल्यावर गेलाच नव्हता. 

येथवर सारे विटा-चुन्याचे झाले. खरी अडचण कागदाची होती आणि हा लेख लिहिण्याचे कारणही तेच.

घर आजही आजेसासऱ्यांच्या नावावर होते. ते 1987 साली मृत्युपत्र न करता गेले. त्यांना दोन मुलगे व एक मुलगी. माझे सासरे 2016 साली निवर्तले. धाकटे काका पुण्यास असतात. आत्या लग्नानंतर इंदूरला. बँकेकडे तारणकर्ज मागायचे तर मालमत्ता अर्जदाराच्या नावे, निर्वेध असावी लागते. हे मी इतरांना शेकडो वेळा समजावून सांगितले आहे. त्याबरोबर एक सल्लाही ठरलेला असतो: "बहिणीचे हक्कसोडपत्र घेऊन या, म्हणजे काम सोपे होईल." किती सहज म्हणतो आपण हे! 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलगी मुलाइतकीच वारस आहे. तरीही आमच्या टेबलापुढे येणारी बहीण बहुधा भावाच्या मागे उभी असते, कोठे सही करायची एवढेच विचारते आणि निघून जाते. तिच्या सहीची किंमत एका स्वयंपाकघराएवढी असते, कधी एका स्नानगृहाएवढी.

घरात तीच चर्चा सुरू झाली. काका म्हणाले, "आत्याला काय करायचंय घर? ती सही देईल." देईल, यात मलाही शंका नव्हती. यजमानांनी इंदूरला दूरध्वनी केला, तेव्हा आत्या म्हणाल्या, "अरे, सही देते. फक्त पाणियारं काढू नका. आई तिथं रोज दिवा लावायची." मी पलीकडे बसून ऐकत होते. ज्या बाईला त्या घरातले पाणियारे एवढे आठवते, तिच्याकडून ते घर कायमचे सोडल्याचा नोंदणीकृत दस्त आपण कपाटांसाठी लिहून घेणार होतो. मी विरोध केला. बँकेच्या अधिकाऱ्याने कर्जाच्या मार्गात अडथळा आणावा याचे घरात सर्वांना नवल वाटले. काका तर काही दिवस माझ्याशी बोलत नव्हते.

माझे म्हणणे साधे होते आणि आजही आहे. वाटणी व्हायची असेल तर ती वाटणी म्हणून व्हावी. घराचे मूल्य ठरवून, सर्वांनी समोरासमोर बसून, ज्याचे त्याला देऊन. दुरुस्तीच्या घाईत, अंदाजपत्रकाचा एक जोडकागद म्हणून कोणाचाही हक्क काढून घेऊ नये. आमच्या व्यवसायातील सहकाऱ्यांनाही मी हेच सुचवीन: हक्कसोडपत्र मागण्यापूर्वी सही करणाऱ्या व्यक्तीशी दोन मिनिटे स्वतंत्र बोलावे. नियमांत ते सक्तीचे नसेल. पण पुढे दावा उभा राहिला तर त्या दोन मिनिटांची किंमत बँकेलाही कळते.

कर्जाचा मार्ग असा बंद झाल्यावर विनातारण वैयक्तिक कर्जाचा विचार झाला. हिशेब मांडून पाहिला. तीन लाख रुपये पाच वर्षांसाठी 9 टक्क्यांनी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 6,228 रुपये आणि एकूण व्याज साधारण 73,650 रुपये. तीच रक्कम 13 टक्क्यांनी घेतल्यास हप्ता सुमारे 6,826 आणि व्याज साधारण 1,09,550. हप्त्यातील फरक सहाशे रुपयांचा दिसतो आणि म्हणूनच तो फसवा आहे. मुदतीचा मोह त्याहून फसवा. 9 टक्क्यांनीच, पण दहा वर्षांची मुदत घेतली, तर हप्ता 3,800 रुपयांवर येतो आणि व्याज 1,56,000 रुपयांवर जाते; म्हणजे दुपटीहून अधिक. ज्या प्लायवूडच्या कपाटांचे आयुष्य दहा वर्षे, त्यांचे हप्ते दहा वर्षे भरण्यात काय शहाणपण? नळ, वीज, भिंत यांसाठी कर्ज काढावे लागले तर जरूर काढावे. कपाटांसाठी मी माझ्या ग्राहकालाही थांबायला सांगते. शाखेच्या उद्दिष्टांना हा सल्ला पोषक नाही याची मला कल्पना आहे.

करसवलतीचा मोहही मर्यादेतच बरा. राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जावरील व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीत वर्षाला 30,000 रुपयांपर्यंतच मिळते, मुद्दलाच्या परतफेडीवर मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत राहत्या घरासाठी ती व्याजाची वजावटही नाही. विक्रेते याबाबत बरेच काही सांगतात. कागदावर मागितले तर गप्प बसतात.

शेवटी आम्ही मुदत ठेवीतून आणि बचतीतून, टप्प्याटप्प्याने काम केले. 2024च्या दिवाळीनंतर सुरुवात झाली, फेब्रुवारीत पहिला टप्पा संपला. मी 2,70,000 रुपयांचा अंदाज धरला होता, 3,22,000 लागले. म्हणजे एकोणीस टक्के अधिक. जुन्या घरात पाचवा हिस्सा अज्ञातासाठी राखून ठेवावा, असे मी आता प्रत्येक अर्जदाराला सांगते. गवंड्याला पैसे कामाच्या टप्प्यानुसार दिले, साहित्याची पक्की बिले घेतली. मोरीचा कठडा गेला. तेथे कोटा दगडाची खरबरीत, जाळीकडे उतरती फरशी आली, स्वयंपाकघराच्या पातळीला पातळी. तीन महिने स्वयंपाक चौकात, एका शेगडीवर. त्या तीन महिन्यांत घरातील पुरुषांना भाजी चिरण्याचे ज्ञान झाले, ही जमेची बाजू.

दुसरा टप्पा बाकी आहे. कपाटे नाहीत; ओट्याखाली सध्या सुती पडदे आहेत आणि भिंतीतली तीन जुनी फडताळे घासून, तेलपाणी करून तशीच ठेवली आहेत. आलेल्या पाहुण्यांना काम अर्धवट वाटते. ज्यांना कपाटे करायचीच आहेत त्यांनी सिंकखाली तरी आय.एस. 710 प्रतीचे जलरोधक प्लायवूड वापरावे आणि त्यावरचा शिक्का स्वतः पाहावा, साध्या आय.एस. 303 प्रतीतील ओलाव्यापुरते टिकणारे प्लायवूड तेथे फार काळ तग धरत नाही.

मिळकत पत्रिकेवर सर्व वारसांची नावे लावण्याचा अर्ज आम्ही दिला, त्यात आत्यांचेही नाव आहे. काकांनीही अखेर सही केली. गेल्या गणपतीत आत्या आठ दिवस राहून गेल्या. पाणियारे होते तेथेच आहे, फक्त त्याखालचा नळ नवा. दुपारी त्या आणि सासूबाई खिडकीखालच्या ओट्याशी बसून मोदकांचे सारण करीत होत्या आणि तेथे एकच स्टूल असल्यामुळे दोघींत 'तू बस, तू बस' चालले होते. दुसऱ्या स्टुलाची मी सुताराकडे मागणी नोंदविली आहे. पाटा-वरवंटा कोठे ठेवायचा, यावर मात्र अद्याप घरात एकमत झालेले नाही.